चित्राखाली नाव कोणाचं?

लोणावळ्यात आणि मावळात रंगवायला भिंती कमी नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती आहेत, स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत रंगणारे रस्त्याकडेचे कठडे आहेत, पवना धरणाभोवतीच्या होमस्टेंची कुंपणं आहेत, कार्ला-मळवलीच्या बाजूला हॉटेलांचे दर्शनी भाग आहेत. रंगवणारी माणसं मिळतात, पैसेही निघतात. या सगळ्यात क्वचितच दिसतात ती कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची, वडार वस्तीतली, बौद्ध आणि मातंग वस्त्यांतली तरुण मुलंमुली. त्यांच्या हातात रेघ आहे आणि ती याच तालुक्यातली आहेत. दिसलीच तर रंगाचा डबा धरायला, नाहीतर उद्घाटनाच्या फोटोत उभी राहायला. त्यांच्यासाठी काही करावं असं इथल्या कलाशिक्षकांना वाटतं, पुण्या-मुंबईहून येऊन स्थायिक झालेल्या चित्रकारांना वाटतं, काही हॉटेलमालकांना आणि मंडळांनाही वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं सांगणं असं, की मुलाच्या चित्राखाली कोणाचं नाव लागणार, हे पहिला कागद वाटण्याआधी ठरवा. पैसे, वेळापत्रक, काय शिकवायचं, किती वर्षं सोबत राहायचं, हे सगळे प्रश्न या एका उत्तराला बांधलेले आहेत.

नावाला इतकं महत्त्व कशाला, असं कोणी म्हणेल. लोककला सामूहिक असते, तिथे कोण सही करतं? पण याच डोंगरांत याचं फार जुनं उत्तर कोरलेलं आहे. राजमाचीच्या पायथ्याला, कर्जतच्या बाजूला कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे दर्शनी भागावर एका भग्न मूर्तीच्या शिराजवळ ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे: हे काम कान्हाचा शिष्य बालक याने केलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत गुरूचं नाव आहे आणि शिष्याचंही आहे. आणि काम केल्याचं श्रेय निःसंदिग्धपणे शिष्याच्या नावावर आहे. घाट चढून वर आलं की कार्ल्याचा चैत्य लागतो. तिथे वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीचा लेख आहे, दान देणाऱ्या कितीतरी लोकांची नावं आहेत, आणि त्यांच्याच रांगेत धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दर्शनी दाराचं काम केल्याचीही नोंद आहे. पैसे देणाऱ्याइतकीच जागा हातांनी काम करणाऱ्याला मिळाली. आज आपण एखाद्या शाळेची भिंत वाडीवरच्या मुलांकडून रंगवून घेतो आणि खाली प्रायोजकाचं बोधचिन्ह, संस्थेचं नाव, फार तर ‘विद्यार्थ्यांच्या सहकार्याने’ एवढं लिहितो. सामीला जे मिळालं ते या मुलांना आपण देत नाही.

नाव मिळाल्याने पुढे काय घडतं, हे वारली चित्रांच्या इतिहासात नीट दिसतं. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात पालघट देवीचा चौक काढायच्या त्या सवाशिणी. पिढ्यान्‌पिढ्या काढला, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव बाहेरच्या जगापर्यंत पोहोचलं नाही. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात कागद आणि रंग घेऊन गेले. त्यातून गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं काम पुढे आलं, १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रं आधीही उत्तम होती. बदल झाला तो कागदामुळे आणि कागदावरच्या नावामुळे. चित्र एका माणसाचं आहे हे कळलं, म्हणून त्या माणसाला पुन्हा बोलावता आलं, त्याला दाम देता आला, त्याच्या मुलांना तो धंदा म्हणून दिसला. त्याच वेळी सवाशिणी मागेच राहिल्या, हेही विसरू नये. बाहेरचा माणूस येतो तेव्हा तो बहुधा पुरुषाशी बोलतो, आणि नावही पुरुषाचं होतं. मावळात काम सुरू करताना मुलींची नावं यादीत आपोआप येतील अशा भरवशावर राहू नका. त्या पाणी भरून, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतील. भावंडासकट बसता येईल अशी जागा ठेवावी लागेल.

नुसतं नाव देऊन मात्र भागत नाही. भोपाळच्या भारत भवनाच्या उभारणीच्या वेळी जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण चित्रकारांना खेडोपाडी धाडलं. त्यातून पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण भोपाळला आला. रंग, कागद, काम करायला जागा आणि नोकरी मिळाली. १९८९ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती. त्याच्या घरी राहून नात्यातली कितीतरी मुलं चित्रकार झाली. एका माणसाला नीट हात दिल्यावर काय होतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि हाच जनगढ २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, मुक्काम लांबत गेलेला, घरी परतायची ओढ लागलेली, अशा अवस्थेत आयुष्य संपवून गेला. तोवर तो जगभर ओळखला जात होता. तरीही परदेशात त्याच्या बाजूने बोलणारं, करार वाचणारं, तिकीट काढून परत आणणारं कोणी त्याच्या जवळ नव्हतं. मार्गदर्शकाचं काम मुलाला उजेडात आणण्यापर्यंतच असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवावी.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुण कलाकारांच्या बाबतीत हाच अनुभव दुसऱ्या टोकाकडून येतो. शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांना १९२३ मध्ये फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलावर्गाने केवळ वर्णामुळे नाकारलं होतं. पुढे त्या हार्लेममध्ये शिकवू लागल्या आणि १९३७ मध्ये तिथल्या सामुदायिक कला केंद्राच्या पहिल्या संचालक झाल्या. त्यांच्या परिसरात वाढलेला जेकब लॉरेन्स हा मुलगा सरकारी कलायोजनेत काम मिळण्याइतका मोठा नव्हता; एकवीस वर्षं पूर्ण व्हायची होती. सॅव्हेज त्याला कार्यालयात घेऊन गेल्या, नकार मिळाला. वर्षभराने त्या त्याला पुन्हा घेऊन गेल्या, आणि त्याला आठवड्याला सुमारे २४ डॉलरचं काम मिळालं. काही वर्षांतच, १९४१ मध्ये, लॉरेन्सने दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावरची साठ चित्रांची मालिका पूर्ण केली. सॅव्हेज यांनी त्याला काय शिकवलं यापेक्षा वर्षभराने तारीख लक्षात ठेवून त्या पुन्हा गेल्या, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. उलट बाजूचं उदाहरण १९८० च्या दशकातलं, न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधलं आहे. टिम रॉलिन्स या गोऱ्या शिक्षकाने काळ्या आणि लॅटिनो मुलांबरोबर केलेली चित्रं मोठ्या संग्रहालयांत गेली. पण गटाच्या नावात आधी शिक्षकाचं पूर्ण नाव आणि मागून मुलांचं सामूहिक नाव आलं. रॉलिन्स यांची तळमळ खरी होती, यात शंका नाही. तरी चित्र नेमकं कोणाचं हा वाद त्यांच्या कामाला चिकटून राहिला.

आता मावळात या. इथल्या मुलांबरोबर एखादं वर्ष, दोन वर्षं सलग काम करायचं तर आधी त्यांच्या घराचं वर्ष समजून घ्यावं लागतं. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे मेअखेरपर्यंत, कुटुंब भट्टीवरच असतं. आपल्या उपक्रमांचं नेहमीचं वेळापत्रक याच्याशी ताडून पाहा. उन्हाळी शिबिर मे महिन्यात, प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत, वर्ग शनिवार-रविवारी. एकही गोष्ट जुळत नाही. मेमध्ये मुलं भट्टीवर असतात. शनिवार-रविवार तर पावसाळ्यात कमाईचे दिवस: पर्यटकांची रीघ लागते, कणसं भाजायची, खेकडे आणि रानभाज्या रस्त्याकडेला विकायच्या, हॉटेलात भांडी घासायला जायचं. मग ‘मुलं नियमित येत नाहीत, त्यांना आवड नाही’ असा शेरा पडतो. वर्ग मंगळवारी-बुधवारी, जून ते ऑक्टोबर ठेवा आणि मग हजेरी पाहा. या महिन्यांचा आणखी एक उपयोग आहे. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. जूनमध्ये सुरुवात केली तर भट्टीला निघण्याआधी मूल एक परीक्षा देऊन मोकळं होतं.

पावसाळ्याची अडचणही आहे, आणि ती लोणावळ्यात मोठी आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे कागद सादळतो, पोस्टर कलर दोन-दोन दिवस वाळत नाही, कुडाच्या घरात चित्र आठवडाभर टिकत नाही. म्हणून प्रत्येक मुलाच्या नावाची एक जाड पुठ्ठ्याची फाइल करा, चित्रं प्लास्टिकमध्ये घालून शाळेच्या लोखंडी कपाटात आडवी ठेवा, आणि चित्रामागे पेन्सिलीने तारीख, नाव, वाडीचं नाव मुलाच्याच अक्षरात लिहून घ्या. ही फाइल म्हणजे त्या मुलाची पुढची कितीतरी वर्षं. प्रवेशाच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या अर्जाला, एखाद्या हॉटेलमालकाला काम दाखवताना तीच उपयोगी पडते. बहुतेक उपक्रमांत चांगली चित्रं संस्थेच्या कार्यालयात फ्रेम होऊन लागतात आणि मुलाकडे काहीच उरत नाही. चित्र हवं असेल तर त्याचा रंगीत फोटो काढून मुलाच्या फाइलला लावा, मूळ चित्राचे पैसे द्या, आणि फ्रेमखाली नाव लिहा.

भिंतीचं काम पावसात होत नाही. त्याचा हंगाम नोव्हेंबर ते मे. म्हणजे नेमका भट्टीचा हंगाम. इथे मार्गदर्शकाची खरी परीक्षा आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने उचल घ्यायची की ब्रश, हा प्रश्न त्याच्या कलेवरच्या प्रेमाने सुटत नाही. घरात पीठ कशाने येणार यावर सुटतो. भिंत रंगवण्याचं काम जर त्याला प्रमाणपत्र आणि वडापावावर करायचं असेल, तर तो भट्टीवर जाईल, आणि त्याने जावंच. त्याला कसबी रंगाऱ्याची रोजची हजेरी मिळाली, आणि ती किती दिवसांची हे ऑगस्टमध्येच सांगितलं, तर घरातला एक माणूस उचलीतून सुटू शकतो. म्हणून ज्यांच्याकडे भिंती आहेत त्या होमस्टेवाल्यांशी, हॉटेलांशी, ग्रामपंचायतींशी बोलणी पावसाळ्यात करा, दिवाळीनंतर नाही. आणि वयाची शिस्त पाळा: चौदा वर्षांखालच्या मुलाला पैशाच्या कामावर लावायचं नाही, ते कायद्याविरुद्ध आहे, अठराच्या आतल्यांना परांचीवर चढवायचं नाही.

पैशाच्या कामाचा कागद करताना एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राच्या हक्कांचा पहिला मालक चित्रकार असतो. पण कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणजे एखाद्या रिसॉर्टने ठाकर मुलीकडून भिंत रंगवून घेतली, पुढे तेच चित्र कप, टी-शर्ट आणि जाहिरातीत वापरलं, तर तिला एक रुपयाही मागता येणार नाही. एका वाक्याने हे टळतं: भिंतीवरचं चित्र रिसॉर्टचं, त्याच्या प्रतिमेचे हक्क चित्रकाराचे. हक्क द्यायचेच झाले तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आणि हक्क विकले तरी आपण हे चित्र काढलं असं सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार विकला जात नाही. कागद मराठीत, एका पानाचा, मोठ्या अक्षरात असावा. अठराच्या आतल्या मुलाचा करार त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही, म्हणून पालकांची सही घ्या, पण पैसे मुलाच्या खात्यात जमा करा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात. हिशेबाची वही वर्गात सगळ्यांसमोर ठेवा. रंगाला किती, गाडीभाड्याला किती, मार्गदर्शकाला किती, मुलांना किती, हे मुलांनी वाचलेलं बरं.

मग शिकवायचं काय? भिंतीचा मालक बहुधा एकच मागणी घेऊन येतो: ‘आदिवासी मुलं आहेत ना, मग वारली काढून द्या.’ मागणी रास्त वाटते, पैसेही त्यात आहेत, आणि बरेच उपक्रम इथेच घसरतात. वारली चित्रं वारल्यांची आहेत. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. मावळातल्या कातकरी मुलाला त्रिकोणी माणसांचा तारपा नाच गिरवायला शिकवणं म्हणजे त्याला दुसऱ्याच्या नावाखाली उभं करणं. वारली शिकायचीच असेल तर वारली कलाकाराला मानधन देऊन बोलवा, आणि ती कोणाची आहे हे सांगून शिका. पण या मुलांनी पाहिलेलं जग वेगळं आहे आणि ते अजून फारसं कोणी काढलेलं नाही. धरणाच्या फुगवट्यात मासे धरायला लावलेली जाळी, द्रुतगती मार्गाच्या पुलाखालची वाडी, धुक्यात उभा विजेचा मनोरा, भट्टीचा धूर. लॉरेन्सने आपल्या माणसांचं स्थलांतर काढलं ते बाहेरून कोणी विषय दिला म्हणून नाही. दिवाळीनंतरचा भट्टीचा रस्ता, टेम्पोत लादलेली भांडीकुंडी आणि कोंबड्या, याची मालिका काढू शकेल असा मुलगा किंवा मुलगी मावळात असणारच.

मूल भट्टीचं चित्र काढतं तेव्हा काय होतं, ते जवळून पाहा. पाडलेल्या विटांच्या ओळी वरून पाहिल्यासारख्या येतात, विटा पाडणारी आई बाजूने दिसते, साचा तिच्या डोक्याएवढा मोठा, आणि भट्टी समोरून. शाळेचं डोकं लगेच म्हणतं, यथादर्शन चुकलं. सुधारू नका. ओळी वरून काढल्या कारण त्या मोजायच्या असतात; मजुरी हजार विटांवर ठरते. साचा मोठा, कारण दिवस त्याच्यासोबत जातो. विचारा: एका ओळीत किती विटा? पाणी कुठून आणता? रात्री कुठे झोपता? उत्तरं चित्रात येत जातील. यथादर्शनही शिकवा, पण वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या दिवशी, रेखाकला परीक्षेतल्या वस्तुचित्रासाठी. ते एक हत्यार आहे आणि ते हाती असलेलं चांगलंच. मुलाच्या कागदावर मात्र मार्गदर्शकाने आपली पेन्सिल टेकवायची नाही. एक हात सुधारला की ते चित्र दोघांचं होतं, आणि दोघांचं झालेलं चित्र हळूहळू मोठ्याचं होत जातं.

बाहेरच्या मार्गदर्शनाने मुलांची सहज शैली बिघडते, असा आक्षेप जाणकार घेतात. त्यात तथ्य आहे. वर्षभरात सगळ्या मुलांची चित्रं मार्गदर्शकाच्या चित्रांसारखी दिसू लागली की समजावं, बिघडली. पण कागदाला हात न लावणं आणि साधनं न देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हसे आणि जनगढ यांना कागद-रंग मिळाले म्हणून त्यांची शैली गेली नाही, उलट फुलली. आदिवासी मुलाने निरागसच राहावं, त्याला बाजार कळू नये, अॅक्रिलिक माहीत होऊ नये, ही अपेक्षा आपण आपल्या मुलांकडून कधी करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो वस्तीत काम करणारे कार्यकर्ते घेतात: घराची जागा नावावर नाही, जातीचा दाखला नाही, मुलं कुपोषित आहेत, आणि तुम्ही चित्रं काढायला शिकवता? याला उत्तर देताना कलेची थोरवी सांगू नका. उपक्रमाने दाखल्याचं काम अंगावर घ्यावं, हेच उत्तर. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलेल्या कुटुंबाकडे तो कुठून असणार? तलाठी कार्यालय, वडगावचं तहसील, आजोबांच्या शाळेचं रजिस्टर, घोडेगावचा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, या फेऱ्या कोणीतरी मुलाबरोबर माराव्या लागतात. हा दाखला आणि पुढे त्याची वैधता नसेल तर पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयात किंवा मुंबईच्या जे. जे. मध्ये राखीव जागेवर प्रवेश, शुल्कमाफी, वसतिगृह, यातलं काहीच मिळत नाही, मग हात कितीही चांगला असो. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे, अठरा ते पंचवीस वयाच्या कलाकारांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची. दोन्हींचे अर्ज भरायला एक शांत दुपार आणि एक जाणता माणूस लागतो. इंटरमीजिएटच्या श्रेणीचे दहावीला मिळणारे वाढीव गुण, ‘अ’ श्रेणीला सात, हेही मुलाला शाळेत टिकवून धरायला मदत करतात. चित्रकलेचा वर्ग हे निमित्त होऊन एका कुटुंबाचे कागद पूर्ण झाले, तर कार्यकर्त्यांची तक्रार राहणार नाही.

‘कलाकाराला जात नसते, मग या मुलांचा वेगळा वर्ग कशाला?’ हेही ऐकावं लागेल. वेगळा वर्ग नकोच; दार सगळ्यांना उघडं ठेवा. पण वर्ग कुठे भरतो, यावरून कोण येणार हे ठरतं. लोणावळा बाजारपेठेतल्या सभागृहात भरला तर एका प्रकारची मुलं येतील, वाडीतल्या समाजमंदिरात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत भरला तर बाजारपेठेतल्या मुलांनाही तिथे यावं लागेल, आणि ते त्यांच्याही हिताचं आहे. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पाहायला सगळे मिळून लोकलने जा. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव या स्टेशनांच्या आसपासच्या मुलांना पुण्यात रोज शिकायला जाता येतं, हे त्या प्रवासात त्यांना आपसूक कळतं. पवन मावळ आणि आंदर मावळातल्या आतल्या वाड्यांना मात्र हे लागू नाही. तिथल्या मुलांच्या गाडीभाड्याचा खर्च रंगांच्या खर्चाच्या आधी मांडा.

नावाचा आग्रह धरताना एक काळजी घ्यायला हवी. अठराच्या आतल्या मुलाचं पूर्ण नाव, चेहरा आणि पत्ता एकत्र कुठेही जाऊ देऊ नका. नाव कसं लिहायचं हे मुलाला विचारा. कोणाला आडनाव नको असेल, कोणाला आईचं नाव लावायचं असेल, कोणाला वाडीचं. काहींना चित्राखाली नाव नकोच असेल, तेही मान्य करा. देणगीदारांसाठी फाटक्या कपड्यांतले फोटो काढणं बंद करा. चित्राचा फोटो पुरेसा आहे. वर्गात दोन प्रौढ माणसं असल्याशिवाय बसायचं नाही, त्यांतली एक बाई असावी आणि शक्यतो त्याच वाडीतली, तिलाही मानधन देऊन.

मुदतीबद्दल स्पष्ट बोला. दोन पावसाळे देता येणार नसतील तर उपक्रम सुरू करू नका. त्याऐवजी तेच पैसे आधीच काम करणाऱ्या एखाद्या कलाशिक्षकाला द्या. पहिल्या पावसाळ्यात येईल त्याला बसू द्या, निवड करू नका. भट्टीवरून परतून दुसऱ्या जूनमध्ये जी मुलं पुन्हा दारात येतात, त्यांना जास्त वेळ द्या, त्यांची नावं भिंतीच्या कामासाठी पुढे करा. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्या एकाला किंवा एकीला सहायक म्हणून हजेरीवर घ्या, आणि लहान मुलांचा वर्ग तिच्याकडे सोपवा. त्या वर्षीच्या भिंतीचा कागद मालकाशी तिलाच बोलून करू द्या. शेजारी बसा, विचारलं तरच बोला. चित्राखाली कोणाची नावं कोणत्या क्रमाने येतील, हेही मग तीच ठरवेल.